क्लिक मोजा, राव!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसच्या बेसमेंटमधून वर येणाऱ्या रॅम्पवर गाड्यांची लाईन लागलीय. पुढे कुणाची तरी नवीकोरी एसयूव्ही, मागे तुमच्या बॉसची सेडान आणि मधे तुमची बारा वर्षांची लाडकी हॅचबॅक. पुढची गाडी दोन फूट सरकते. तुम्ही ब्रेकवरचा पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर नेता, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात गाडी मागे घरंगळते. मागून हॉर्न. आरशात बॉसचा चेहरा. अप्रेझल पुढच्याच महिन्यात!

आता डाव्या हाताकडे बघा. हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच सोडत गाडीने जरा जोर धरला की दांडा हळूच खाली सोडायचा. गाडी इंचभरही मागे जात नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. तरी बरेच जण ते करत नाहीत आणि त्याचं कारण आळस नसतं. आपल्या हँडब्रेकवर त्यांचा भरवसाच नसतो. ‘जुनी गाडी आहे, हँडब्रेक जरा असाच आहे,’ हे वाक्य सेकंडहँड गाडीवाल्यांच्या तोंडी तुम्हीही ऐकलं असेल. ‘असाच’ म्हणजे कसा, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारायला हवं, कारण गाडीतल्या सगळ्या ब्रेकमध्ये हा एकच ब्रेक तुम्ही गाडीत नसताना ड्यूटी करतो. तुम्ही वर ऑफिसात मीटिंगमध्ये असता, खाली सोसायटीच्या उतारावर गाडी उभी असते आणि तिच्या मागे पोरं क्रिकेट खेळत असतात. त्या वेळी गाडी थांबवायला कुणाचाही पाय पेडलवर नसतो. म्हणून या आठवड्यात आपला फंडा एकच : हँडब्रेक ढिला झाला की लगेच टाईट करायचा नाही, आधी तो ढिला का झाला ते शोधायचं.

आत नेमकं काय चालतं?

मारुती ८०० (१९८३ ते २०१४ अशी तब्बल तीन दशकं ती बनत होती), जुनी अल्टो, झेन, वॅगन-आर, सँट्रो, या सगळ्या गाड्यांची मागची चाकं ड्रम ब्रेकची. हँडब्रेक फक्त या मागच्या दोन चाकांवर चालतो. तुम्ही दांडा ओढता तेव्हा त्याच्या बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीवर एक खटका एकेक दात पुढे सरकतो. तो ‘कर्र कर्र’ आवाज त्याचाच. दांड्याला जोडलेली लोखंडी केबल गाडीच्या पोटाखालून मागे जाते आणि दोन्ही चाकांना सारखीच ओढ देते. प्रत्येक ड्रमच्या आत अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू असतात, त्यांच्यावर लायनर चिकटवलेले असतात. केबलने आतला छोटा लिव्हर ओढला की हे शू फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट धरतात. एवढंच.

आता यातली खरी गंमत. तुम्ही पायाने ब्रेक दाबता तेव्हाही मागच्या चाकात हेच शू आणि हेच लायनर काम करतात. फक्त तेव्हा त्यांना केबलऐवजी ब्रेक ऑइलचा दाब ढकलतो. म्हणजे पायाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक मागच्या चाकात एकाच घरात राहतात. म्हणूनच हँडब्रेक बिघडला की नुसतं पार्किंग धोक्यात येत नाही. आपल्या मागच्या ब्रेकचं काहीतरी बिनसलंय, हे तो दांडा तुम्हाला सांगत असतो.

लायनर झिजतात तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला ड्रमच्या आत एक अ‍ॅडजस्टर असतो. तो धड चालत असेल तर तुम्हाला काही जाणवत नाही. तो गंजून जाम झाला की अंतर वाढत जातं आणि दांडा दर महिन्याला थोडा थोडा वर यायला लागतो.

आधी क्लिक मोजा

ही टेस्ट फुकट आहे आणि तिला एक मिनिट लागतं. गाडी सपाट जागेवर उभी करा. पायाचा ब्रेक दोन-तीनदा नीट दाबून सोडा. आता दांड्याचं बटण न दाबता, नेहमीच्या ताकदीने तो वर ओढा आणि क्लिक मोजा. जिम लावल्यासारखा जोर नको. बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण चार ते आठ-नऊ क्लिकमध्ये दांडा घट्ट व्हायला हवा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. हो, ग्लव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या कागदाखाली दबलेलं तेच पुस्तक!

आलेला आकडा मोबाईलमध्ये तारखेसकट टाकून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा बदल जास्त बोलतो. गणपतीत सहा क्लिक होते आणि शिमग्याला दहा झाले, तर मधल्या काळात आत काहीतरी झिजलंय, अडकलंय किंवा केबल ताणली गेलीय.

दुसरी टेस्ट : मोकळ्या सपाट जागेत, पुढे कुणी नाही असं बघून, हँडब्रेक पूर्ण ओढा. पाय पेडलजवळ तयार ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडा. ब्रेक ठणठणीत असेल तर इंजिन दबल्यासारखं होतं, पण गाडी जागची हलत नाही. लगेच क्लच दाबा, कळलं ते पुरे. गाडी खुशाल चालायला लागली तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठीच आहे.

दांड्याची भाषा

सगळ्या तक्रारींना आपण ‘हँडब्रेक लागत नाही’ असं एकच नाव देतो. पण दांडा प्रत्येक वेळी वेगळं सांगत असतो.

दांडा फार वर येतो. सगळ्यात कॉमन केस. लायनर झिजलेत, अ‍ॅडजस्टर जाम आहे किंवा केबल लांबलीय. बहुतेकदा याच क्रमाने शोध घ्यायचा. केबल हा तिसरा संशयित आहे, पहिला नाही.

दांडा नेहमीच्या जागी घट्ट होतो, पण गाडी उतारावर सरकतेच. म्हणजे ओढ पोचतेय, पण पकड नाही. लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल. किंवा ड्रममधल्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळून लायनर भिजले असतील. दुसरी शक्यता जास्त गंभीर. कारण ते ऑइल तुमच्या पायाच्या ब्रेकचं आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसला किंवा ब्रेक ऑइलची पातळी सारखी खाली जात असली, तर वीकेंडचा लोणावळा प्लॅन कॅन्सल. आधी गॅरेज.

एकच चाक धरतं. दोन केबलपैकी एक तिच्या बाहेरच्या नळीत गंजून अडकलीय किंवा एका बाजूचा अ‍ॅडजस्टर झोपलाय. सपाट जागेवर हे कळतच नाही, चढावर कळतं.

दांडा अलगद वर येतो, काही लागतच नाही. केबल तुटली किंवा तिचं टोक सुटलं. इथे डोकं चालवायची गरज नाही, केबल बदलायची.

दांडा ओढला की परत खाली घसरतो. आतला खटका किंवा दातेरी पट्टी झिजलीय. हा दोष चाकात नाही, दांड्याच्या बुडाशी आहे. रबरबँड, दोरी, कापडाचा बोळा असले जुगाड इथे चालणार नाहीत. ब्रेक मधल्याच कुठल्या तरी क्षणी सुटेल आणि तेव्हा तुम्ही गाडीत नसाल.

दांडा खाली केला तरी गाडी जड चालते. आता उलटा प्रॉब्लेम. ब्रेक सुटतच नाहीये. केबल परत येत नाही किंवा आतल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात. गाडी थोडी चालवून थांबा आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न लावता उष्णता ताडून बघा. एक चाक भट्टीसारखं तापलं असेल, जळका वास येत असेल, तर तेच गुन्हेगार. मायलेज अचानक कमी झालंय म्हणून तुम्ही पेट्रोल पंपाला नावं ठेवत असाल, तर एकदा इकडेही बघा.

आणि तो लाल दिवा. दांडा खाली असूनही डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा पेटून राहिला तर ‘दांड्याचा स्विच खराब असेल’ म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही हाच दिवा लागतो. बॉनेट उघडून ऑइलची बाटली बघायला अर्धा मिनिट लागतो.

‘दोन आटे टाईट करून देतो, साहेब’

आता गॅरेजचा सीन. तुम्ही म्हणता, ‘दादा, हँडब्रेक जरा वर येतोय.’ दादा दांड्याजवळचं कव्हर काढतात, पाना लावतात, केबलचा नट दोन आटे आवळतात. ‘घ्या साहेब, एकदम टाईट!’ पाच मिनिटांत काम, चहाच्या पैशांत बिल. तुम्ही खूश. क्लिक दहावरून पाचवर आलेत ना!

आलेत. पण लायनर होते तिथेच आहेत. झिजलेले. तुम्ही ताप उतरवायला थर्मामीटर बर्फात बुडवलाय.

नुसती केबल आवळण्याचे तोटे दोन. पहिला, दांड्याने दिलेली सूचना गायब झाली. लायनर आता गुपचूप झिजत राहणार आणि पुढचा निरोप लोखंड ड्रमवर घासल्याच्या आवाजातच येणार. तोवर ड्रमलाही चरे पडलेले असतात, म्हणजे लायनरच्या बिलात ड्रमचं बिल. दुसरा, केबल जास्त ताणली की आतला लिव्हर आपल्या मूळ जागी परतत नाही. मग अ‍ॅडजस्टर धड काम करत नाही आणि शू ड्रमला सतत चाटत राहतात. गाडी तापते, तेल खाते आणि लायनर आणखी लवकर संपतात. म्हणजे औषधानेच आजार वाढला.

योग्य क्रम असा. आधी केबल ढिली करायची. मग दोन्ही ड्रम काढून लायनरची जाडी, ऑइलची गळती, स्प्रिंगा आणि अ‍ॅडजस्टर बघायचे. साफसफाई करायची, झिजलेलं बदलायचं. लायनर दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने असले तर ब्रेक एका बाजूला ओढतो. मग ड्रम बसवून शू आणि ड्रममधलं अंतर सेट करायचं. काही गाड्यांत त्यासाठी पायाचा ब्रेक काही वेळा जोरात दाबावा लागतो, काहींत अ‍ॅडजस्टर हाताने फिरवावा लागतो. हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, केबलचा नट. तोही क्लिक मॅन्युअलमधल्या आकड्यात येतील इतकाच. आणि दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत.

गॅरेजमध्ये इंजिनीअरिंगची डिग्री दाखवायची गरज नाही. तीन साधी वाक्यं पुरतात : ‘दादा, केबलला हात लावायच्या आधी ड्रम उघडून बघूया का?’, ‘लायनर किती उरलेत ते मला दाखवा ना,’ आणि ‘बदललेले पार्ट मला परत द्या.’ चांगला मेकॅनिक हे ऐकून वैतागत नाही, उलट हाक मारून आत बोलावतो. जो वैतागतो, त्याच्याबद्दल तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

घरी किती करायचं?

क्लिक मोजणं, ब्रेक ऑइल बघणं, चाकाच्या आतल्या बाजूचे डाग शोधणं, एवढं तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू शकता. हौस असेल तर चाक उचलूनही बघा, पण नियम पाळून. सपाट जागा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा विटा, मग मागचं एक चाक जॅकवर. दांडा खाली असताना चाक हाताने फिरवा, मोकळं फिरायला हवं. मग मित्राला एकेक क्लिक दांडा ओढायला सांगा आणि कितव्या क्लिकला चाक जड होतं, कितव्याला जाम होतं ते लिहा. दुसऱ्या चाकाचंही तसंच. दोन्ही चाकं एकाच क्लिकच्या आसपास धरली तर बॅलन्स ठीक. एक चौथ्याला आणि दुसरं आठव्याला धरत असेल, तर मेकॅनिकला सांगायला तुमच्याकडे नेमकी माहिती आहे. (ही टेस्ट पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला गिअरमध्ये ठेवून मागचं चाक फिरणार नाही.)

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मात्र जायचं नाही. हातसुद्धा नाही. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. ड्रम उघडण्याचं काम गॅरेजवर सोडा. काही गाड्यांत त्यासाठी मधला मोठा नट आणि बेअरिंगही हाताळावं लागतं. शिवाय आतली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाईपने उडवणं वाईट. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. गॅरेजमध्येही ती ओल्या फडक्याने पुसायला सांगा. त्या दादांच्याही फुप्फुसांचा प्रश्न आहे.

पावसाळा स्पेशल

चार दिवस जोडून सुट्टी, गाडी पावसात उभी, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. परत आल्यावर गाडी सुरू होते, पण मागची चाकं हलायलाच तयार नाहीत. ड्रममध्ये ओल शिरून लायनर ड्रमला चिकटतात. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. तुमची सोसायटी वरळी-वर्सोव्याकडे असेल तर लक्षात ठेवा.

अशा वेळी पाय खाली दाबून गाडीला फरफटत नेऊ नका, लायनर शूपासून उखडून येऊ शकतो. दांडा दोन-तीनदा वर-खाली करा. मग हळूच थोडं पुढे, थोडं रिव्हर्स असं झुलवा. बहुतेक वेळा ‘टक्’ आवाज होऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर मेकॅनिक ड्रमला हलके ठोके देऊन सोडवेल.

त्यापेक्षा आधीच काळजी घ्या. जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल आणि जागा सपाट असेल, तर गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून आणल्यावर, मागेपुढे कुणी नसेल तेव्हा पायाचा ब्रेक हलकाच दोन-चार वेळा दाबत थोडं अंतर चालवा. लायनर सुकतात. आणि ‘हँडब्रेक चिकटतो म्हणून मी वापरतच नाही,’ असं करू नका. न वापरलेली केबल नळीतल्या नळीत गंजते आणि नेमकी गरज असेल त्या दिवशी दगा देते.

उतारावर उभं राहताना

सिंहगडाच्या वर, मलबार हिलला, माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, जिथे कुठे जमीन तिरकी असेल तिथे हा क्रम पाळा. पायाचा ब्रेक दाबा. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक ओढा. आता पाय हळूच उचला आणि गाडी नुसत्या हँडब्रेकवर ठरते का बघा. ठरली? मग परत ब्रेक दाबा, इंजिन बंद करा आणि गिअर टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिक गाडी असेल तर हँडब्रेक आधी, ‘पी’ नंतर.

स्टिअरिंगही वळवून ठेवा. डाव्या कडेला उभं राहून तोंड उताराकडे असेल तर चाकं डावीकडे, फूटपाथकडे. तोंड चढाकडे आणि कडेला फूटपाथ असेल तर चाकं उजवीकडे, म्हणजे गाडी मागे आली तरी पुढचं चाक फूटपाथला टेकून थांबेल. फूटपाथ नसेल तर डावीकडेच. पण बाजूला दरी असेल, तर ती जागा पार्किंगसाठी नाहीच. आणि चाकाखाली दगड लावला असेल तर निघताना तो उचलून बाजूला टाका. घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेला दगड रात्री एखाद्या बाईकवाल्याच्या जिवावर बेततो.

एक सरकारी कारणही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार कारला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन वेगळ्या यंत्रणा लागतात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. नंतर ते पाच-पाच वर्षांनी वाढवताना गाडी तपासून घ्यावी लागते. तुमची गाडी त्या वयाकडे चालली असेल तर आरटीओच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी धावपळ करण्यापेक्षा आत्ताच बघा. सेकंडहँड गाडी घ्यायला निघाला असाल तर टेस्ट ड्राईव्हमध्ये म्युझिक सिस्टीमच्या आधी हँडब्रेक ओढा. दहा-बारा क्लिक आले तर ‘मागचे ब्रेक उघडून दाखवा’ म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि भाव कमी करायला एक मुद्दाही.

तर रविवारचा होमवर्क. पोहे-चहा झाला की खाली जा. ब्रेक दोन-तीनदा दाबा, दांडा ओढा, क्लिक मोजा, आकडा मोबाईलमध्ये टाका. तीन मिनिटांचं काम. आकडा मॅन्युअलमधल्यासारखा आला तर पुढचा रॅम्प हँडब्रेकवर चढून बघा. जास्त आला तर सोमवारी गॅरेजला फोन, आणि वाक्य लक्षात आहे ना? ‘दादा, आधी ड्रम उघडा. नट नंतर!’